अठराशे रुपयांचा ससा

प्रश्न : माझी नात पुढच्या महिन्यात वर्षाची होईल. सूनबाईनं मोबाइलवर एक ससा दाखवला. सेंद्रिय, पर्यावरणपूरक, फेअर ट्रेड असं सगळं त्यावर लिहिलेलं. किंमत १,८०० रुपये. आमच्या बाजारात त्याहून मोठं अस्वल ३०० रुपयांत मिळतं. माझं आयुष्य कापडात गेलं, सशाला अर्धा मीटरसुद्धा कापड लागलेलं नाही. मग हे पैसे कशाचे? आणि खरोखर चांगलं मऊ खेळणं घ्यायचं तर बघायचं काय?
एक आजी, इचलकरंजी

उत्तर : आजी, कापडाचा तुमचा अंदाज बरोबर आहे. अशा सशात कापड आणि भरण यांचा खर्च थोडाच, मोठा खर्च हातकामाचा. समजा, ससा क्रोशाच्या सुईनं विणलेला आहे. अंग, डोकं, दोन लांब कान, चार पाय वेगवेगळे विणायचे, भरायचे, एकमेकांना जोडायचे आणि मग तोंडावर दोऱ्यानं डोळे-नाक काढायचं. सराईत बाईचेही पाच-सहा तास जातात. ताशी ७० रुपये धरले तर नुसती मजुरीच ४०० रुपयांच्या घरात गेली. त्यावर सूत, रंग, तपासणी, प्रमाणपत्राचं शुल्क, कर, पाठवणी आणि विकणाऱ्याचा वाटा. म्हणजे १,८०० हा आकडा अगदीच अवास्तव नाही. पण तेवढ्यावरून विणणारीच्या हातात ४०० रुपये पडले असंही समजू नका. तीनशेचं अस्वल कापण्या-शिवण्याच्या यंत्रांवर काही मिनिटांत तयार होतं, त्यामुळे या दोघांची किंमत शेजारी शेजारी मांडून काही कळणार नाही.

सशावर लिहिलेली तीन वचनं वेगवेगळी आहेत. सेंद्रिय हे शेतातलं, पर्यावरणपूरक हे मालाचं, फेअर ट्रेड हे मजुरीचं. चौथं आणि तुमच्या नातीसाठी सगळ्यांत आधीचं वचन त्या यादीत नाहीच : हे खेळणं तोंडात घातलं तर चालेल का? सेंद्रिय सुताच्या सशाचा मण्यासारखा डोळाही निखळून घशात अडकू शकतो. म्हणून सुरुवात तिथून करू या.

आपल्याकडे १ जानेवारी २०२१पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. त्या चिन्हाजवळ सीएम/एल अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. भारतीय मानक ब्यूरोचं 'बीआयएस केअर' ॲप मोबाइलवर घेऊन तो क्रमांक घातला की परवाना खरा आहे का, कोणाचा आहे, हे लगेच दिसतं. सूनबाईला करून बघायला सांगा. चिन्ह छापणं सोपं असतं, क्रमांक जुळवणं अवघड.

या सक्तीतून हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांना सूट आहे. ही सूट योग्यच आहे. डोंगरातल्या किंवा खेड्यातल्या बाईनं दहा बाहुल्यांसाठी प्रयोगशाळेचं शुल्क कुठून भरायचं? पण याचा अर्थ असा की हातानं केलेल्या पुष्कळ खेळण्यांचा डोळा कोणत्याही प्रयोगशाळेनं ओढून पाहिलेला नसतो. ते काम घरी आपल्याला करावं लागतं, आणि तुमच्यासारख्या शिवणकाम जाणणाऱ्या बाईला ते कोणत्याही तपासनिसाइतकं चांगलं जमेल.

खेळणं हातात आलं की आधी उलटंपालटं करा आणि भरण आत घातल्यावर मिटवलेली शिवण शोधा. ती बहुधा पाठीवर किंवा बुडाशी असते. यंत्रावरची बाकीची टीप घट्ट असली तरी ही शेवटची चार बोटं हातशिलाईनं घाईत घेतलेली असतात आणि उसवते ती तिथूनच. दोन्ही बाजूंनी धरून जोर लावून ताणा. टाके हसायला लागले, मधून पांढरं दिसलं, तर परत करा. मग कान, शेपूट, पाय एकेक करून पिरगाळून ओढा. डोळा प्लॅस्टिकचा असेल तर त्याच्या कडेखाली नख जातंय का बघा. नख गेलं की उद्या दात जाणार. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यातून निघालेला भाग साधारण ३२ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात मावला तर ते खेळणं नापास, असा नियम आहे. दहाच्या नाण्याहून थोडी रुंद एवढी ही जागा, म्हणजे डोळा, बटण, घुंगरू सगळंच आलं. माझं स्पष्ट मत आहे की या वयाला डोळे दोऱ्याचेच हवेत.

विणलेल्या सशाची आणखी एक गोष्ट. सैल विणीच्या टाक्यांमधून मूल बोटानं भरण उपसून काढतं. खेळणं उजेडासमोर ताणून धरा, भरणाचे धागे बाहेर डोकावत असतील तर वीण सैल आहे. पोटात थर्माकोलचे मणी असलेलं काहीही नको. पांढरा ओला रुमाल घेऊन रंगीत भागावर चांगला घासा, म्हणजे रंग पक्का आहे का ते कळेल. लांब रिबिनी, गळ्यातल्या दोऱ्या कापून टाका. आणि वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपण्याच्या जागी कोणतंही मऊ खेळणं, उशी, गुबगुबीत दुलई ठेवू नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, कारण तोंडावर काही आलं तर बाळाला ते बाजूला करता येत नाही. पाळण्यात शोभेला टांगलेलं अस्वलही त्यात आलं.

आता मजुरीचं वचन. इचलकरंजीत राहणाऱ्याला पिकावरची, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवरची, मजुरी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. मीटरमागे काही पैसे वाढावेत म्हणून तुमच्या गावात किती संप झाले ते तुम्ही पाहिलं असेल. खेळण्यांच्या कारखान्यात तशीच नगावर मजुरी असते, आणि मऊ खेळण्यांच्या धंद्याला एक फार काळा दिवस आहे. १० मे १९९३ रोजी थायलंडमध्ये, बँकॉकच्या शेजारच्या नाखोन पाथोम प्रांतातल्या काडर खेळणी कारखान्याला आग लागली. तिथे परदेशी कंपन्यांसाठी बाहुल्या आणि मऊ खेळणी शिवली जात. कापडाचे तागे, कृत्रिम लोकर, भरणाचे ढीग जिथे तिथे पडलेले. बाहेर पडण्याची दारं बंद होती. इमारतीच्या लोखंडी सांगाड्याला आगीपासून वाचवणारं आवरण नव्हतं, त्यामुळे थोड्याच वेळात मजले खाली आले. १८८ माणसं गेली, बहुतेक तरुण मुली, खेड्यांतून कामाला आलेल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात चीनमध्ये शेन्झेनच्या एका खेळणी कारखान्यात ८०हून अधिक जीव गेले. तिथेही दारं बंद आणि खिडक्यांना गज.

मऊ खेळणं कुठं आणि कसं शिवलं गेलं हे विचारणं म्हणजे श्रीमंतांचं खूळ आहे असं कुणी म्हणालं की मला हे आठवतं. बंद दार ही त्या स्वस्त किमतीतलीच एक गोष्ट होती.

फेअर ट्रेडच्या नावाखाली दोन निराळ्या खुणा दिसतात आणि दुकानदारसुद्धा त्यांची गल्लत करतात. 'फेअरट्रेड कॉटन' ही खूण कापूस पिकवणाऱ्याशी बांधलेली आहे. त्याला ठरलेल्या किमान भावाचा आधार मिळाला आणि गावाच्या कामासाठी वर काही रक्कम मिळाली, एवढं ती सांगते. ससा कोणी शिवला याबद्दल तिचं काही म्हणणं नसतं. जागतिक फेअर ट्रेड संघटनेची, म्हणजे डब्ल्यूएफटीओची खूण ही संपूर्ण संस्थेला मिळते. योग्य मोबदला, बालमजुरीला मज्जाव, कामाची सुरक्षित जागा, व्यवहारातली पारदर्शकता अशा दहा तत्त्वांवर ती संस्था तपासली जाते. हातानं केलेल्या खेळण्यांसाठी ही दुसरी खूण जास्त कामाची. श्रीलंकेत कुरुनेगलाजवळ सांड्रा वंदुरागला यांनी १९९१मध्ये सुरू केलेली सेलिन ही हातमागाची संस्था याचं चांगलं उदाहरण आहे. गावातल्याच बाया मागावर कापड विणतात आणि त्याच रंगीत पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची खेळणीही होतात. बांगलादेशातली 'हाथाय बुनानो' ही संस्था क्रोशाची खेळणी विणून घेते. बाईनं कामासाठी ढाक्याला जाण्याऐवजी काम तिच्या गावात आणायचं, हा त्यामागचा विचार. आपल्याकडच्या अशा बऱ्याच संस्था 'फेअर ट्रेड फोरम इंडिया'शी जोडलेल्या असतात.

खूण नसेल तर विचारा. बनवणारा गट कोणता, कोणत्या गावचा, मजुरी नगावर की दिवसावर, माल विकण्याआधी पैसे मिळतात की नंतर? यातला शेवटचा प्रश्न सगळ्यांत बोलका आहे. विकल्यावर पैसे देणारा विक्रेता आपला तोटा बाईच्या माथी मारतो. राज्याच्या 'उमेद' अभियानातल्या बचत गटांचं 'महालक्ष्मी सरस' प्रदर्शन किंवा पुण्याची भीमथडी जत्रा अशा ठिकाणी ती बाईच समोर बसलेली असते, तेव्हा हे सगळं दोन मिनिटांत कळतं. तिथे मात्र भाव पाडून मागू नका.

सेंद्रियाचं बघू. २००२ मध्ये कापसाच्या जनुकबदल केलेल्या बीटी बियाण्याला परवानगी मिळाली आणि आज विदर्भ-मराठवाड्यासकट देशातला बहुतेक कापूस बीटीचा आहे. सेंद्रियात जनुकबदल केलेलं बियाणं चालत नाही, रासायनिक खत-कीटकनाशक चालत नाही. म्हणजे सेंद्रिय कापूस पिकवणाऱ्याला बियाणं शोधण्यापासूनच कष्ट. या कापडासाठी सर्वांत ओळखीचं प्रमाणपत्र म्हणजे जीओटीएस, अर्थात 'ग्लोबल ऑरगॅनिक टेक्स्टाइल स्टँडर्ड'. 'सेंद्रिय' असं त्यावर असेल तर किमान ९५ टक्के धागा सेंद्रिय हवा, 'सेंद्रिय धाग्यापासून बनवलेलं' असं असेल तर किमान ७० टक्के. रंग, धुलाई, सांडपाणी आणि कामगारांची वागणूक यांचेही नियम त्यात आहेत, म्हणून मला ते आवडतं. खऱ्या खुणेखाली प्रमाणित करणाऱ्या संस्थेचं नाव आणि परवाना क्रमांक असतो. तो पाहायलाच हवा, कारण २०२० मध्ये जीओटीएसनंच उघड केलं की भारतात सुमारे २०,००० टन कापूस खोट्या कागदांवर सेंद्रिय म्हणून खपवला गेला. ११ कंपन्यांवर बंदी आली. ज्या शेतकऱ्यांनी खरोखर सेंद्रिय पिकवलं त्यांच्या पोटावर हा पाय होता, याचा राग जास्त येतो.

'ओइको-टेक्स १००' हे आणखी एक लेबल दिसेल. घातक रसायनं मर्यादेत आहेत, एवढंच ते सांगतं. त्यातला पहिला वर्ग तीन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी आणि सर्वांत कडक. ते चांगलंच आहे, पण त्याचा सेंद्रियाशी किंवा मजुरीशी संबंध नाही. नुसतं 'इको', 'ग्रीन', 'नैसर्गिक' लिहिलेलं असेल तर त्याला काडीची किंमत देऊ नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२४ मध्ये नियमावली काढली आहे. असे मोघम शब्द वापरायचे तर पुरावा आणि खुलासा द्यायला हवा. विक्रेता उत्तर देत नसेल तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

एक गोष्ट मात्र मनावर दगड ठेवून सांगते. खेळण्यामागची कहाणी कितीही हृद्य असली तरी ते तान्ह्यासाठी आहे असं होत नाही. २०१८च्या महापुरात केरळमधल्या चेंदमंगलमच्या विणकरांच्या साड्या चिखलात भिजल्या. त्या धुऊन, उकळून त्यांच्या 'चेकुट्टी' बाहुल्या केल्या गेल्या. एकेक २५ रुपयांना, एका साडीच्या सुमारे ३६०. म्हणजे वाया गेलेली एक साडी ९,००० रुपये मिळवून गेली. विणकरांचे माग पुन्हा सुरू व्हायला त्याची मदत झाली. मला ही बाहुली फार प्रिय आहे. पण ती पिशवीला लावायची आहे, नातीच्या तोंडात द्यायची नाही.

आणि आता मुख्य गोष्ट. तुमच्याकडे शिलाई यंत्र असेल तर ससा तुम्हीच शिवा. मांजरपाट किंवा जुनं, धुऊन मऊ झालेलं सुती कापड घ्या. कोरं असेल तर खळ निघेपर्यंत गरम पाण्यानं धुवा, आटायचं ते आधीच आटेल. कान अंगाच्या कापडातच धरून कापा, वेगळे जोडू नका, म्हणजे तुटायचा प्रश्नच नाही. आतून दुहेरी टीप, भरण घातल्यावर उरलेलं तोंड उलट टाक्यानं बारीक बारीक मिटवा. डोळे भरीव टाक्याचे, नाक साखळीचं. भरायला पिंजलेला कापूस. सावरीचा कापूस हलका आणि मऊ असतो, पण धुतल्यावर त्याचे गोळे होतात, म्हणून तो घातला तर वरची खोळ काढता येईल अशी करा. चिंध्या भरणार असाल तर बारीक कातरा आणि ससा लहान ठेवा. जाड पोट आतून वाळत नाही आणि कुबट वास धरतं.

सूनबाईनं निवडलेल्या सशाच्या विक्रेत्याकडून परवाना क्रमांक आणि बनवणाऱ्या गटाचं नाव मिळालं, तर तोही जरूर घ्या. त्या मजुरीला आपला हातभार लागतो. दोन्ही मिळून दोन ससे झाले, वर्षाच्या मुलीला तेवढे पुष्कळ.

प्रश्न : टाकाऊ प्लॅस्टिकच्या बाटल्यांपासून बनवलेला हत्ती आणि 'बांबू फॅब्रिक'चा पांडा, दोन्ही पर्यावरणपूरक म्हणून विकतात. यातलं चांगलं कोणतं?
एक बाबा, पुणे

उत्तर : बाजारातली बहुतेक केसाळ खेळणी आतून-बाहेरून पॉलिएस्टरचीच असतात, दुकानात भरणाला 'रेक्रॉन' म्हणतात तेही तेच. बाटल्यांचे तुकडे करून, वितळवून त्याचा धागा काढला तर नव्या कच्च्या तेलाची बचत होते, हे खरं. पण धुताना प्लॅस्टिकचे सूक्ष्म तंतू नव्या पॉलिएस्टरसारखेच याचेही सुटतात. आणि बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते, हत्तीचं पुढे सहसा काही होत नाही. मी ते वाईट म्हणणार नाही. घेतलात तर 'ग्लोबल रिसायकल्ड स्टँडर्ड'ची खूण बघा, ती वस्तूवर लावायला किमान ५० टक्के माल पुनर्वापरातला लागतो. केस ओढून पाहा, चिमटीत गुच्छ आला तर ठेवून द्या.

बांबूच्या पांड्याबद्दल मी जास्त साशंक आहे. बांबूचं मऊ कापड म्हणून जे मिळतं ते बहुतेक व्हिस्कोस असतं. बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून काढलेला धागा. या प्रक्रियेत वापरलं जाणारं कार्बन डायसल्फाइड कामगारांच्या मज्जासंस्थेला घातक आहे. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशननं अशाच रेयॉनला 'बांबू' म्हणून विकल्याबद्दल २०२२ मध्ये वॉलमार्टवर ३० लाख आणि कोल्सवर २५ लाख डॉलरचा दंड मागितला आणि दोन्ही कंपन्या भरायला तयार झाल्या. लेबलवर 'व्हिस्कोस' किंवा 'रेयॉन' लिहिलेलं असेल तर बांबूसाठी जादा पैसे मोजू नका. दोघांत निवडायचंच झालं तर मी हत्ती घेईन. साध्या सुती कापडाचं काही मिळालं तर दोन्ही सोडून ते.

प्रश्न : मुलीच्या दोन वाढदिवसांत घरात मऊ खेळण्यांचा ढीग झालाय. तिला सर्दी-शिंका सुरू झाल्या की डॉक्टर धुळीबद्दल विचारतात. धुवायची कशी आणि जास्तीची द्यायची कुठे?
एक आई, ठाणे

उत्तर : धुळीतले माइट किडे मऊ खेळण्यांत आनंदानं राहतात. सुती असेल तर ६० अंशांच्या पाण्यात धुतल्यावर ते मरतात. तेवढं गरम न चालणारं खेळणं पिशवीत घालून रात्रभर नव्हे, पूर्ण एक-दोन दिवस फ्रीजरच्या कप्प्यात ठेवा आणि मग साध्या पाण्यात धुवा. गारठ्यानं किडे मरतात, पण त्रास देणारी त्यांची घाण धुतल्याशिवाय जात नाही. पिळू नका, पंच्यात गुंडाळून दाबा. मुंबई-ठाण्याच्या पावसाळ्यात मात्र जाड खेळणी धुवायला काढूच नका, आतला ओलावा चार दिवस निघत नाही आणि बुरशी धरते. ऊन पडलं की काढा.

मुलीला निवडू द्या, तीन-चार तिच्याजवळ ठेवा, बाकीची बंद डब्यात आणि महिन्या-दोन महिन्यांनी आलटूनपालटून. द्यायची असतील तर धुऊन, उसवलेलं शिवून, डोळे पक्के करून द्या, आणि आधी फोन करून विचारा. अंगणवाडीताई किंवा पाळणाघरवाल्या बाई हो म्हणाल्या तरच पाठवा. त्यांच्याकडेही धुवायला माणूस आणि ठेवायला जागा लागते. फाटून गेलेलं पॉलिएस्टरचं खेळणं जाळू नका, धूर वाईट असतो. पोट उसवून आतलं भरण काढा, धुऊन उन्हात वाळवा, लोडासाठी किंवा बसायच्या गादीसाठी ते उत्तम चालतं. पुढच्या वाढदिवसाला पाहुण्यांना आधीच सांगून ठेवायचं असेल तर 'मऊ खेळणं नको, पुस्तक चालेल' एवढं निमंत्रणावरच लिहा. आता बरेच जण लिहितात, कोणी वाईट वाटून घेत नाही.